ठिपक्यावर पत्रा

मला चिडखोर म्हणतात आणि ते खरं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. ओतकामातून आलेला तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर नसेल तर त्यावर लाल पट्टा ओढून बाजूला टाकायचा. सुपरवायझर कितीही गोड बोलला तरी पट्टा पुसायचा नाही. असली नोकरी करून स्वभाव असा झाला, की स्वभाव असा होता म्हणून नोकरी टिकली, ते मला अजून कळलेलं नाही.

या स्वभावापायीच मी रेंजच्या नकाशात अडकले. शाळा बंद होत्या आणि पोरं ऑनलाइन तासासाठी डोंगरावर चढून बसत होती, तेव्हाची गोष्ट. शहापुरात राहणाऱ्या, कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका सरांनी एक ॲप तयार केलं. फोन खिशात ठेवून तुम्ही जाल तिथली रेंज ते आपोआप टिपायचं आणि सरांच्या घरच्या संगणकाला कळवायचं. तिथे नकाशावर एकेक ठिपका उमटायचा. कंपन्यांच्या नकाशात आमचा सगळा मुलूख एकाच रंगात न्हाऊन निघालेला. प्रत्यक्षात गुंजी स्टेशन मागे टाकून जंगलात शिरलं की फोन फक्त वेळ बघायच्या कामाचा. ही लबाडी मला सहन होईना. मी सरांना म्हटलं, तुमचा नकाशा मी तपासून देते.

काम फुकटचं होतं, म्हणून सुरुवातीला माणसंही पुष्कळ आली. दूधगाडीवाले, कंडक्टर, कॉलेजची मुलं. नवलाई ओसरली तसे एकेक करून गळाले. कुणाची बॅटरी लवकर संपायची, कुणाच्या बायकोला संशय यायचा की नवरा कुठे कुठे जातो हे कुणीतरी टिपतंय. सरांच्या घरी खाली माग चालायचे. सुताची पूड संगणकाच्या पंख्यात जाऊन बसायची आणि नकाशा बंद पडायचा. मग मी कारखान्यातून सुटले की तिकडे जाऊन ब्रशने पंखा झाडायची. नियम एकच होता आणि तो मी घालून दिला होता: ज्या जागी बराच काळ कुणी फिरकलं नाही, तिथला ठिपका करडा होणार. जुन्या माहितीला ताजी म्हणून विकायचं नाही.

दुसरी एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. माझं माहेर निपाणीच्या खालच्या अंगाला, डोंगरकडेला आहे. गाव कर्नाटकात, पण फोन बहुतेक वेळा पलीकडच्या महाराष्ट्रातला टॉवर पकडतो. गप्पा मारायला त्याने काही बिघडत नाही. पण रुग्णवाहिकेला फोन लावलात तर तो टॉवरच्या राज्यात जातो. तिकडची माणसं नम्रपणे विचारतात, तालुका कुठला? तुम्ही सांगता. ती म्हणतात, हा आमच्याकडे येत नाही. म्हणून नुसती रेंज दाखवून भागणार नव्हतं, रेंज कुणाची हे दाखवायला हवं होतं. इकडच्या टॉवरला हिरवा ठिपका, पलीकडच्याला निळा.

आता यात भांडण्यासारखं काय आहे? पण आमच्या भागात भांडणाला कारण लागत नाही, रंग पुरतो. आमच्याच काही लोकांनी निळ्या ठिपक्यांचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर छापला आणि चौकात लावला: बघा, आमचे फोनसुद्धा महाराष्ट्रात आहेत. लगेच दुसऱ्या बाजूच्या लोकांचे सरांना फोन, आमच्या राज्यात हा निळा डाग कुणी लावला म्हणून. मग पोलीस चौकशीला आले. चहा पिऊन गेले, पण गल्लीने ते पाहिलं आणि सर घाबरले.

सरांच्या माडीवर बैठक झाली. मी घसा फोडून सांगितलं की हा झेंडा नाही, ही माहिती आहे. एक जण म्हणाला, "आक्का, तुमचं बरोबर हाय, पण वाद कशाला?" वाद कशाला, हे वाक्य आमच्याकडे वाद घालणारेच वापरतात. रेंज म्हणजे रेंज, असं ठरलं आणि निळे ठिपके एका बोटाने हिरवे झाले. रद्दी मालावरचा लाल पट्टा पुसून तो गाडीत भरावा, तसं. मी जिना उतरताना कुणाचा निरोपही घेतला नाही.

त्याच सुमारास माहेरच्या गावात नवी नर्स आली होती. लांब उत्तरेकडच्या जिल्ह्यातली, कन्नड बोलणारी, मराठी जेमतेम. या नकाशाचा खरा उपयोग ती एकटी करायची. आमचे सगळे स्वाभिमानी लोक आपापल्या गावाचा ठिपका बघून खूश व्हायचे आणि ॲप बंद करायचे. ही मात्र वाडीवस्तीवर चालत जायची, फोन चालू ठेवून. माझ्या गावातले निम्मे ठिपके तिच्या पायांचे होते. बैठकीतला निर्णय तिला कुणी कळवला नाही. नकाशा तिच्या हातात होता आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता.

श्रावणातल्या एका दुपारी माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता. अण्णा गाडी घेऊन निपाणीच्या बाजाराला गेलेला. नर्स धावत आली, बघितलं, आणि फोन करायला बाहेर पडली. नकाशावर सगळ्यात जवळचा हिरवा ठिपका ओढ्यावरच्या मोरीचा. पूर्वी तो निळा होता. मोरीवर उभी राहून तिने फोन लावला, तो पलीकडे गेला. त्यांनी तालुका विचारला. तिने पुन्हा लावला, पुन्हा तिकडेच. ती पावसात मोरीवर उभी राहून कन्नडमध्ये, हिंदीत, मोडक्या मराठीत तेच तेच सांगत राहिली. शेवटी ती टेकाडावर चढली, तिथल्या मोठ्या दगडापाशी इकडचा टॉवर लागला आणि गाडी निघाली. सून वाचली. बाळ दवाखान्याच्या वाटेवरच गेलं.

मी पोचले तेव्हा नर्स ओसरीच्या कडेला उभी होती, आत जायचं की नाही या विचारात. ती मला म्हणाली, "हिरवं होतं री मॅडम. हिरवं हाय म्हणून उभारले मी तिथं." एवढंच. त्यात तक्रार नव्हती, ती फक्त मला सांगत होती. मला त्या क्षणी माडीवरच्या प्रत्येकाला ओढून त्या ओसरीवर आणावंसं वाटलं.

मी सरांकडे गेले आणि निळा परत आणा म्हटलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच आलं. पण म्हणाले, नोकरी आहे हो माझी. मग म्हटलं, संगणक द्या. तो त्यांनी इतक्या चटकन दिला की जणू वाटच बघत होते. स्कूटरवर पायांशी ठेवून मी तो उद्यमबागेच्या मागच्या माझ्या दोन खोल्यांत आणला आणि निळे ठिपके परत निळे केले. नकाशाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजूंनी शिव्या आल्या. मराठी म्हणाले फुटीर, कन्नड म्हणाले घुसखोर. नंतर मला ग्रुपवरून काढूनच टाकलं, त्यामुळे पुढच्या शिव्या मला वाचाव्या लागल्या नाहीत. राहिले दोन फोन, माझा आणि नर्सचा.

नर्सने आणखी एक केलं. सगळ्यांकडे ॲप कुठे असतं? म्हणून टेकाडावरच्या त्या दगडावर तिने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं: फोन करायला इथे उभे राहा. लिहिलं कन्नडमध्ये, कारण तिला तेच लिहिता येतं. आठवडाभरात आमच्या शूर पोरांनी त्याला काळं फासलं. तिने वाद घातला नाही. काळं वाळल्यावर दगडावर चढली, आपल्याच पावलांभोवती रंगाने रेघ ओढली आणि आतून पांढरं भरून काढलं. दोन पावलं. कुणालाही कळावं, इथे उभं राहायचं.

मला ती युक्ती इतकी आवडली होती! रविवारी जाऊन मी त्या पावलांवर उभी राहिले, फोन बघितला, लखलखीत हिरवा. परत येताना वाटेत चहा प्यायला थांबले ते निव्वळ आनंदाने.

मग नर्सची बदली झाली. मागून घेतली असं म्हणतात, मला ते खोटं वाटत नाही. तिचे ठिपके एकेक करून करडे व्हायला लागले. कारखान्यात जादा पाळ्या चालू होत्या, माझं तिकडे जाणं लांबलं. अण्णाच्या सुनेला पुन्हा दिवस गेल्याचं फोनवर कळलं. मनात म्हटलं, तिला कळा लागायच्या आत गावातले ठिपके तरी ताजे करून ठेवू.

गेल्या रविवारी गेले. टेकाडाच्या पायथ्याला स्कूटर लावली आणि वर बघितलं तर दगडाच्या जागी पत्र्याची शेड. तीन बाजूंनी पत्रा, वरून पत्रा, तोंड पश्चिमेच्या रस्त्याकडे. आत पावलांवर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. दाराशी पितळी घंटा. वरच्या पाटीवर देणगीदार म्हणून अण्णाचं नाव.

अण्णा आत पुसत बसलेला. म्हणाला, "चप्पल काढ गं. देवाची जागा हाय."

"अण्णा, ही नर्सची पावलं आहेत. तुझ्याच घरातनं रंग नेलता तिनं."

"रंग तिचा असंल. पावलं आईचीच, देवीची." त्याने फडकं पिळलं. "नवस बोललो होतो. सुनेला परत दिवस गेले तर आईच्या डोक्यावर छप्पर घालतो म्हणून. गेले का न्हाय?"

मी चप्पल काढली आणि पावलांपाशी जाऊन फोन बघितला. निळा. पूर्वेचा आमचा टॉवर पत्र्याने अडवलेला आणि उघड्या तोंडातून पलीकडचा थेट आत येतोय. बाहेर येऊन शेडच्या मागे गेले, तिथे कडा तुटलेला, पाय ठेवायला जागा नाही. ज्या एवढ्याशा जागेत इकडचा टॉवर लागायचा ती सगळी छपराखाली गेली होती.

मी अण्णाला समजावून सांगितलं. आधी शांतपणे, मग शांतपणा संपल्यावर. मागच्या वेळी फोन कुठे गेला, नर्स मोरीवर किती वेळ उभी होती, सगळं. तो ऐकत होता, नाही असं नाही. बाळाचं नाव निघाल्यावर त्याचा हात थांबला. मी म्हटलं, मागचा पत्रा तेवढा काढ, नुसता पूर्वेचा.

"दिलेलं काढून घ्यायचं? आठवा चाललाय तिला. आत्ता?"

"मग तिला माझ्याकडं दे. बेळगावला नेते, दवाखाना दारात आहे."

"आणि आईला काय सांगू? इश्वास न्हाय म्हणून पोरगी हलवली?" त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. तेच मला जास्त लागलं. या माणसाने स्वतःच्या हातांनी नातू पुरला होता आणि पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून जे सुचलं ते केलं होतं. त्याच्यावर चिडायलाही मला धड जागा राहिली नव्हती, तरी मी चिडले. मला दुसरं येतच नाही.

तेवढ्यात सून खालून आरतीचं ताट घेऊन येताना दिसली. एक हात कमरेवर, मध्येच थांबून दम घेत. वर आल्यावर तिने मला वाकून नमस्कार केला, वाकता येत नसताना. अण्णा देवापुढे वळल्यावर तिने हळूच विचारलं, "आत्या, आता उभारायचं कुठं मग?"

तिला सगळं ठाऊक होतं. घरात कुणी तिला काही विचारत नव्हतं, पण ठाऊक होतं.

मी तिचा हात धरून टेकाडाच्या अंगाअंगाने फिरले. करंजाच्या झाडाखाली, बांधावर, जुन्या खाणीच्या तोंडाशी. दर थोड्या अंतरावर आम्ही थांबायचो, ती माझ्या फोनकडे बघायची आणि मी मान हलवायची. सगळीकडे निळं. ती दमली तेव्हा परतलो.

अण्णा शेडच्या दारात उभा होता. माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, "एवढं काय वाईट वाटून घेतीस? नकाशा तुझाच हाय. तू तिथं हिरवं कर की."

मी फोनवरच पत्र्याखालच्या पावलांचा ठिपका निळा केला. अण्णाने घंटा वाजवली, आणि सून ताट घेऊन आत त्या पावलांपुढे जाऊन बसली.