कोलंबियाला बुरूज

देवदत्त आमच्या शेजारी राहतो. मूळचा साताऱ्याचा, आता अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नचा. नोकरी डेटा सेंटरमध्ये आहे, पण ती तो बिचारा पगारापुरती करतो. त्याचा खरा जीव दिवाळीच्या किल्ल्यात. इथल्या मराठी मंडळाच्या किल्ले स्पर्धेत दरवर्षी तोच पहिला येतो, त्यामुळे बाकीचे लोक शहाण्यासारखे रांगोळीच्या स्पर्धेत नाव देतात. भर जूनमध्ये दुकानात उभं राहून पोत्यातली माती चिमटीत चोळून बघणारा दुसरा माणूस मी अमेरिकेत पाहिलेला नाही. फिरायला गेला की बरे दिसणारे दगड खिशात. सुलेखा, म्हणजे त्याची बायको, कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिशातले डोंगर बाहेर काढते.

माणूस वाईट नाही हं. कुणाच्याही मदतीला धावतो. नको म्हटलं तरी धावतो, आणि घोळ तिथेच होतो.

त्याची मुलगी आन्या सहावीत आहे. शाळेने प्रत्येकाला एक देश निवडून त्याच्या नैसर्गिक प्रदेशांचं मॉडेल करायला सांगितलं होतं. आन्याने कोलंबिया घेतला. एकाच देशात अँडीजचे डोंगर, पॅसिफिकचा धो धो पावसाचा किनारा, कॅरिबियनचा वेगळा किनारा, ओरिनोकोची गवताळ मैदानं, अ‍ॅमेझॉनचं जंगल आणि वर बेटं. हे सहाही प्रदेश तिने माझ्या किचनमध्ये उभं राहून मला ऐकवले. एरवी ही पोरगी चारचौघांत तोंड उघडत नाही. ज्याचं काम सगळ्यांत चांगलं, त्याला अख्ख्या शाळेसमोर बोलायला मिळणार होतं, आणि तिला ते मनापासून हवं होतं.

तिचा नकाशा गॅरेजमधल्या टेबलावर होता. देवदत्तने तो पाहिला आणि कोलंबियाचे दिवस भरले.

आधी म्हणाला, मी फक्त बेस करून देतो. मग अँडीज हातात घेतला. कोलंबियात त्याच्या तीन रांगा होतात, मधे खोल दऱ्या. देवदत्तला हे पटेना. मधून शत्रूला आयती वाट मिळते म्हणून त्याने तिन्हींचा मिळून एक भरभक्कम डोंगर केला आणि वर बालेकिल्ला चढवला. बेटं उघडी बघवेनात, म्हणून त्यांना चहूबाजूंनी तटबंदी. पायऱ्या उतरता उतरता इतक्या खाली आल्या, की अ‍ॅमेझॉनच्या जंगलाला डब्याच्या झाकणाएवढी जागा उरली. मैदानं तर त्याला बघवतच नव्हती. सपाट जागा रिकामी सोडणं त्याच्या रक्तात नाही. तिथे बुरूज उभा राहिला.

"बाबा, इट्स सपोज्ड टु बी फ्लॅट," आन्या म्हणाली.

त्यावर त्याने तिला टेहळणीचं महत्त्व समजावून सांगितलं. उत्तरेकडच्या वाळवंटातही अळीव पेरला, कारण हिरवं चांगलं दिसतं. सुलेखा दोनदा ओरडली, तर म्हणाला, पोरीसाठीच करतोय ना. मी तोंडावर सांगितलं, की देवदत्त, हा देश आहे, किल्ला नव्हे. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि गुहेत वाघ बसवला. कोलंबियात वाघ नसतात, असं आन्या म्हणाली.

"जॅग्वार समज," तो म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी ते धूड फक्त माझ्या व्हॅनमध्ये मावलं, म्हणून मीही गेले. टीचरने आन्याला ओरिनोकोची मैदानं दाखवायला सांगितली. आन्याचा चेहरा लाल झाला. बुरुजाकडे बोट करून ती हळूच म्हणाली, की याच्या खाली आहेत. पुढचं तिला बोलताच आलं नाही, कारण तोवर देवदत्त पुढे सरसावून दिंडी दरवाजा समजावत होता. टीचर म्हणाली, केवढी ही मेहनत. या देशात शिक्षिका नुसत्या मेहनतीचं कौतुक करू लागली, की आपलं काहीतरी चुकलंय असं समजावं. देवदत्तने थँक यू म्हटलं. मग टीचरने आन्याला बाजूला घेऊन सांगितलं, की सोमवारपर्यंत स्वतःच्या हाताने दुसरं करून आण, मग तुझ्या बोलण्याचं बघू.

परत येताना आन्या मागे खिडकीला टेकून बसली होती. रडत नव्हती, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. देवदत्त माझ्या शेजारी बसून दुसऱ्या मॉडेलचा विचार करत होता.

"या वेळी आपण मैदान सपाट ठेवू," तो उदारपणे म्हणाला.

आन्याने तोंड खिडकीकडे वळवलं. तेव्हा तो तिला पटवायला लागला. साताऱ्याला त्यांच्या अंगणात अप्पा, म्हणजे त्याचे वडील, किल्ला करायचे. गल्लीत तसा दुसरा किल्ला होत नसे. अप्पांनी त्याला मातीला कधी हात लावू दिला नाही, बिघडवशील म्हणायचे. पण नुसतं शेजारी बसून बघण्यातूनच तो सगळं शिकला, असं त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मग तू पहिला किल्ला कधी केलास?" आन्याने विचारलं.

देवदत्त उत्तर द्यायला मागे वळला. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे काढली, तरी तो तसाच वळलेला होता.

"अप्पा गेले त्या वर्षी," तो म्हणाला. "इथे."

"आय डोन्ट वॉन्ट टु वेट दॅट लाँग, बाबा."

 देवदत्त सरळ वळून बसला. घर आल्यावर त्याने ते धूड उतरवून अंगणात कोपऱ्याला ठेवलं, मातीचं कोरं पोतं आन्याच्या टेबलाशी नेऊन दिलं आणि तिला आत सोडून गॅरेजचं दार बाहेरून ओढून घेतलं. मग तडक माझ्याकडे आला आणि चहा मागितला. दोन्ही हातांनी कप घट्ट धरून बसला होता. चहा संपला, तरी कप सोडेना.