ओझेलाबाईंच्या दारातला थांबा

ओझेलाबाईंनी आमच्या गल्लीतलं संगीत बंद पाडलं, ही बातमी न्हाव्याच्या दुकानातून निघाली आणि चर्चच्या मागच्या बाकापर्यंत पोचायला तिला जेमतेम दीड दिवस लागला. मिसिसिपीतल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली साठीची बाई न्यू ऑर्लिन्समध्ये, तेही ट्रेमेसारख्या बँडवाल्यांच्या वस्तीत, घर घेते काय, ओट्यावर कानात बोळे घालून उभी राहते काय, आणि तीन आठवड्यांत बँडच्या सरावावर नोटीस आणते काय!

बातमी साफ खोटी होती. बोळे तेवढे खरे होते. बोळ्यांची गोष्ट न्हाव्याच्या पायरीवर बसून मीच सांगितली होती, हेही खरं. पण मी फक्त बोळे पुरवले. पुढचं सगळं गल्लीने आपल्या पदरचं घातलं.

आमचं घर म्हणजे एका छपराखालची दोन घरं. भिंत एक, ओटा एक, दारं दोन. पलीकडचं दार दोन वर्षं बंद होतं. ऑगस्टच्या मरणाच्या उकाड्यात एक निळी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं लोखंडी पातेलं होतं आणि कपाटं, गाद्या वगैरे किरकोळ सामान मागे कोंबलेलं. गाडीतून ओझेला मॅकनेअर उतरल्या. ठेंगण्या, रुंद, आणि चाल अशी की मी संध्याकाळी न्हाव्याच्या पायरीवर म्हणालो, "शेजारी बदक आलंय." पायरी खूप हसली. त्या वेळी ओझेलाबाई समोरच्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्याही आमच्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, बिचारी एकटी आहे, माणसं दिसली की बरं वाटत असेल.

पहिल्या दिवशी मी सामान उचलायला गेलो आणि स्वतःचं नाव सांगितलं. बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या.

"क्लोव्हिस ना? मग बाळा, नीट तोंड उघडून बोल. मिशीतल्या मिशीत पुटपुटू नकोस."

"कमी ऐकू येतं का, मिस ओझेला?"

"वरचे सूर गेले. ट्रम्पेट, पाखरं आणि माझी नणंद. खालचे शाबूत आहेत."

एकतीस वर्षं त्यांनी मांगूर मासे कापायच्या कारखान्यात काढली होती. करवतींची अशी घरघर, की शेजारी उभ्या बाईचा शब्द ऐकू येत नसे. तरी आम्ही बायका दिवसभर गप्पा मारायचो, असं त्या हसत सांगायच्या. कशा मारायच्या, ते विचारायचं मला सुचलं नाही. मी बोलणारा माणूस, विचारणारा नाही.

कानातले नारिंगी बोळे ही त्या कारखान्याचीच सवय. दोरीने गळ्यात अडकवलेले असायचे. बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावर थॅडिअसचा बँड सरावाला उभा राहिला की बाई चपला काढायच्या, बोळे कानात घालायच्या आणि अनवाणी ओट्याच्या फळ्यांवर भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायच्या. थॅडिअस म्हणजे आमचा ट्यूबावाला. तो हा अवाढव्य पितळी कर्णा अंगाला अजगरासारखा गुंडाळतो, आणि वाजवला की रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा थरथरतात. उरलेसुरले कान जपावेत म्हणून बाई बोळे घालत आणि ट्यूबा तळपायांनी ऐकत. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसले फक्त बोळे आणि मिटलेले डोळे. मी पायरीवर जाऊन सांगितलं, "बाईंना आपला बँड सोसवत नाही रे."

आता त्या इथे आल्या कशासाठी, ते ऐका. एकोणीस वर्षांच्या असताना चर्चच्या बसमधून त्या एकदा न्यू ऑर्लिन्सला आल्या होत्या. रविवार होता, रस्त्यात मिरवणूक. बँड वाजवत वाजवत एका छोट्या पिवळ्या घरापुढे थांबला, आणि आतून एक बाई पातेलं घेऊन बाहेर आली. राणीनेही इतक्या रुबाबात बाहेर पडू नये. बसवाल्याने भोंगा मारला, पोरीला चढावं लागलं. मग लग्न, करवती, तीन मुलं, नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं. बेचाळीस वर्षं ते पिवळं दार काही डोक्यातून गेलं नाही.

"मरायच्या आधी माझ्या दारात एकदा बँड थांबायला हवा, क्लोव्हिस," त्या मला म्हणाल्या. "दुसरं काही मागणं नाही माझं."

मागणं लहान नव्हतं. आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पाम लीफ लेडीज क्लबची मिरवणूक निघते. चार तास चालणं, नाचणं. वाटेतली चार-पाच दारं ठरलेली असतात, त्यांना थांबा म्हणतात. तिथे क्लबच्या बायका टेकतात, बँड पाणी पितो, घरवाले खायला घालतात. कुठल्या दारी थांबायचं ते आधी कागदावर छापून वाटतात. त्या कागदावर नाव यावं म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या ताटकळतात. जुना कायदा एवढाच, की ज्या दारी बँड जेवला ते दार थांबा झालं. मग त्याचं नाव कुणाला खोडता येत नाही.

क्लबच्या अध्यक्ष मिस फिलोमीन. सत्तरी उलटली तरी उंच टाचांचे बूट, आणि आवाज असा की पोलीस आपणहून बाजूला होतात. ओझेलाबाई त्यांच्याकडे बरणीभर लोणचं घेऊन गेल्या. मी सोबत होतो. हे मी चुकवतो होय!

"किती दिवस झाले इथे येऊन?" मिस फिलोमीननी विचारलं.

"सतरा."

"वर्षं?"

"दिवस."

मिस फिलोमीननी बरणी उघडून वास घेतला, झाकण लावलं. "लोणचं ठेवून जा. थांब्याचं दहा वर्षांनी बघू."

"दहा वर्षांनी मी एकाहत्तरची असेन, मिस फिलोमीन."

"मी त्र्याऐंशीची असेन. मी करत्ये का तक्रार?"

आणि नेमकी त्याच आठवड्यात तक्रार झाली. कोपऱ्यावरच्या सरावाला बंदी घालणारी नोटीस खांबावर चिकटली. तक्रार करणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं. त्याची गरजही कुणाला वाटली नाही, बोळे सगळ्यांना ठाऊक होते. मिस फिलोमीननी चर्चच्या पायऱ्यांवर ओझेलाबाईंना बघून असा हात झटकला, जशी माशी हाकलावी. दुकानात कुणी त्यांच्याशी बोलेना. सोमवारी आमच्याकडे घरोघरी राजमा शिजतो आणि एकमेकांकडे वाटी जाते. बाईंच्या वाट्या चार घरांतून तशाच भरलेल्या परत आल्या. मी माझी घेतली. भिंत एक असली की वास परतवता येत नाही.

मी म्हटलं, "मिस ओझेला, सांगून टाका ना लोकांना, की ते तुम्ही केलं नाही."

"मला कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या. "न विचारता उत्तर दिलं की माणूस चोर दिसतो."

मिरवणुकीच्या आदल्या मंगळवारी न्हाव्याच्या पायरीवर बैठक भरली. थॅडिअस तापलेला होता.

"तिला आवाज सोसत नाही ना? मग देऊच आवाज! रविवारी तिच्या दारापुढे थांबायचं, खिडकीला ट्यूबा लावायचा आणि दहा मिनिटं हलायचं नाही. भिंतीवरच्या तसबिरी पडल्या पाहिजेत."

"भिंत माझीही आहे," मी म्हटलं.

"तुझ्या तसबिरी काढून ठेव."

मिस फिलोमीन भाचीच्या केसांसाठी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही. पण नेमका तिथे माझ्या बुटात खडा गेला, तर मला थांबावंच लागेल, नाही का?"

आम्ही गाड्या हलतील इतके हसलो. समोर ओट्यावर ओझेलाबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि कोळंबी घेऊन लगबगीने आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघरात जी खडखड सुरू झाली, ती शनिवारपर्यंत थांबली नाही. मी विचारलं, एवढं काय चाललंय? म्हणाल्या, "साफसफाई." तळलेल्या माशाच्या वासाची साफसफाई मी पहिल्यांदाच बघितली.

मी त्यांना सावध करायला हवं होतं. दोनदा ओट्यापर्यंत गेलोही. पण खरं सांगतो, तमाशा बघायची हौस भारी पडली.

रविवार उजाडला. पोपटी पोशाखातल्या बायका, पिसांचे पंखे, मागे बँड, आणि बँडमागे नाचणारी अर्धी ट्रेमे. आमच्या घरापुढे येताच मिस फिलोमीन एका पायावर उभ्या राहिल्या.

"अगं बाई! खडा!"

मिरवणूक थांबली. थॅडिअसने ट्यूबाचं तोंड बाईंच्या खिडकीला लावलं आणि असा काही फुंकला की माझ्या दाताचं जुनं बुजवलेलं भोक हललं. ट्रम्पेटवाले पायरीवर चढले. ढोलवाला तर सासुरवाडीचा राग काढावा तसा बडवत होता.

दार उघडलं.

ओझेलाबाई बाहेर आल्या. पिवळाधमक झगा, डोक्यावर पिवळी टोपी, पाय अनवाणी. त्यांनी गळ्यातले बोळे काढून दाराच्या मुठीला अडकवले. ट्यूबावर तळहात टेकला, डोळे मिटले, आणि फळ्यांवर पाय असे पडायला लागले की बदक म्हणणाऱ्याने मान खाली घालावी. ती घातली मी. बाई गोल फिरल्या, खाली बसल्या, उठल्या, टोपी हवेत भिरकावून झेलली. गर्दीतून आरोळी उठली. चिडून फुंकायला लागलेला थॅडिअस बघता बघता जीव ओतून फुंकायला लागला. माणूस इतक्या मनापासून नाचत असेल तर त्याच्यावर रागाने वाजवता येत नाही.

मग बाईंनी दाराची दुसरी फळी उघडली. आत लांबच लांब टेबल. तळलेल्या माशांचे डोंगर, कोळंबी घातलेला गंबोचा दाट रस्सा, मक्याचा पाव, आणि गाडीत पट्टा बांधून आलेल्या त्या लोखंडी पातेल्यात राजमा. दोन तास फुंकून भुकेलेला बँड होता तो! पहिला ट्रॉम्बोनवाला मोहाला बळी पडला. मग ट्रम्पेट. ढोलवाल्याने टिपऱ्या खिशात घातल्या. शेवटी थॅडिअस ट्यूबासकट दारात अडकला. आम्ही त्याला मागून ढकलला.

मिस फिलोमीन एकट्या रस्त्यावर, एक बूट हातात.

"मिस ओझेला," त्या ओरडल्या, "राजमा? रविवारी? राजमा सोमवारी असतो!"

ओझेलाबाई पायरीवरून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "सोमवारचाच आहे. तुम्ही एक दिवस आधी आलात."

गल्ली खदखदली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुमजली घराची वरची खिडकी धाडकन उघडली. त्या घराचा मालक तिथे पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीने खोल्या देतो. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा.

"बंद करा हा गोंधळ! नाहीतर मी पुन्हा तक्रार करीन!"

क्षणभर फक्त थॅडिअसच्या चावण्याचा आवाज येत होता.

"पुन्हा?" मिस फिलोमीन म्हणाल्या.

खिडकी धाडकन मिटली. पण तो एक शब्द रस्त्यावर पडून राहिला होता, आणि सगळे त्याच्याभोवती उभे होते. न्हावी माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघायला लागलो. थॅडिअस दारात आला, हातात अर्धा मासा, डोळ्यात पाणी. तो म्हणाला तिखटाने आलं. गंबोत तिखट नव्हतं.

मिस फिलोमीननी बूट घातला. एकेक पायरी चढून त्या वर आल्या, आपला पोपटी पिसांचा पंखा ओझेलाबाईंच्या हातात दिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बँड जेवला. थांबा झाला. पुढच्या वर्षी छापायचं नाव एकदा मला नीट सांगा."

"ओझेला मॅकनेअर. दोन एल."

"आणि ते लोणचं," मिस फिलोमीन हळूच म्हणाल्या, "संपलंय."

त्या पंख्यासकट बाई उरलेले दोन तास मिरवणुकीच्या पुढे नाचत गेल्या, अनवाणी. परतल्या तेव्हा पायाला फोड होते आणि मागे वीस माणसं रिकामी भांडी घेऊन आली होती, घासून दिलेली. त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घराखाली थॅडिअसने खास पाऊण तास सराव केला. नोटिशीचं काय झालं म्हणाल, तर दीडशे सह्यांचा अर्ज गेला. पहिली सही बाईंची.

सोमवारी मी तोंड पाडून शेजारच्या दारात गेलो. हातात माझ्या बायकोने केलेल्या राजम्याची वाटी. म्हटलं, "मिस ओझेला, एक कबूल करायचंय. बँड तुमच्या मानासाठी थांबला नव्हता. तुम्हाला त्रास द्यायला थांबला होता. आणि ती बोळ्यांची अफवा माझ्याच तोंडून निघाली."

त्यांनी वाटी घेतली, चमच्याने ढवळून पाहिली आणि म्हणाल्या, "क्लोव्हिस, करवतींच्या आवाजात एकतीस वर्षं मी बायकांच्या ओठांवरून अख्ख्या गावाची लफडी वाचली. तू समोरच्या पायरीवर बसून काय बोलतोस ते वाचायला मला चष्माही लागत नाही. मंगळवारी तुम्ही ठरवलंत म्हणून तर मी साठ जणांचं रांधलं. आता मिशी जरा कापून घे, शेवटचे शब्द नीट दिसत नाहीत. आणि बदक असेल तुझी बायको."