आठ हजार पावलं आणि एक करंगळी

"दुखत नाही, हाच तर आजार आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाची करंगळी काळीनिळी पडली होती. मी तोंडाला पदर लावून उभी, आणि हे टेबलावर पाय पसरून सांगतायत, "मला कायच होत नाय, डॉक्टर. हिलाच उगाच घाई."

डायबेटिस तीन वर्षांपूर्वीच निघाला होता. यंदा मुलाच्या कंपनीतून हेल्थ कोच मिळाली. म्हणजे फोनवरून खाण्याची, चालण्याची, गोळ्यांची सवय लावणारी बाई. पोरगी गोड बोलायची. यांचा भात तिने महिन्यात अर्ध्यावर आणला. मी तीन वर्षं घसा फोडत होते, तेव्हा नाही ऐकलं! जळफळाट झाला माझा, पण साखर उतरत होती म्हणून गप्प बसले.

मग पावलं मोजणं सुरू झालं. आठ हजार भरली की ती टाळ्यांचं चित्र पाठवायची. हे खूश. भिसेगावातून कर्जत स्टेशनला उगाच दोन-दोन फेऱ्या. लावणी आली तसे खालापूरकडच्या आमच्या शेतात उतरले, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. चपला बांधावर, कारण चिखलात चपला घालून कोण उतरतं?

काटा तिथेच करंगळीत रुतला. यांना पत्ताच नाही. चौथ्या दिवशी फरशीवर डाग दिसला म्हणून मी पाय उचलून बघितला. त्याच सकाळी फोनवर आलं होतं, 'काका, या आठवड्याचे चॅम्पियन तुम्ही!'

याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. काटा कळत नाही, चटका कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रोज पाय कोण बघायचं?" यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी यांच्याकडे.

करंगळी काढायला आत नेलं. मी बाहेर बाकावर. तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, काकांची पावलं आज शून्य का दिसतायत?"

"बये, तुझ्या चॅम्पियनचं बोट कापतायत आत!"

ती रडायला लागली. "काकू, आमच्या प्रश्नांच्या यादीत पाय नाहीच आहेत हो."

"मग घाल ना!" मी अशी ओरडले की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. बघू देत.

फोन ठेवला आणि माझाच मला संताप आला. यांचं ताट मी रोज बघते, चहा चाखून बघते. पाय मात्र कधी बघितले नाहीत. तुमच्या घरात साखर असेल तर आज बघा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं. माणूस "दुखत नाय" म्हणाला तर आधी बघा. आणि लावणीला गमबूट घाला, हसणारे हसू देत.

कोच मी सोडली नाही. तिने यादी बदलून घेतली, एवढं मानते. आता तिचा पहिला प्रश्न, "काका, पाय?" हे लाजत कॅमेऱ्यापुढे पाय धरतात. ती बोटं मोजते.

"नऊ," ती म्हणते.

"नऊच राहू देत," मी म्हणते, आणि मोजे चढवते.