भाऊजींचे टायर

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारते, "रोज कुठून कुठे जाता?" कोणता टायर हवा, ते नंतर. परवा एक पठ्ठ्या आला. नवीकोरी फोर व्हील ड्राइव्ह, आणि म्हणे सगळ्यात मोठ्या बटणांचे, जाड उंचवट्यांचे टायर द्या, चिखलातून ओढत नेणारे. म्हटलं, "चिखल कुठाय?" तर म्हणे, "सध्या ऑफिसलाच जातो, पण कधी जावंसं वाटलं तर?" म्हटलं, "कधी पाऊस येईल म्हणून रोज गमबूट घालून झोपतोस का रे?" रागावून निघून गेला. जाऊ दे. लोक मला फटकळ म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

पण असं कुणावर ओरडून झालं की मला भाऊजी आठवतात. त्या टायरांवरून मी सगळ्यात जास्त कुणाशी भांडले असेन, तर त्यांच्याशी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंगरांवरच्या मोबाइल टॉवरांची देखभाल हे त्यांचं काम. टॉवरखाली जनरेटर असतो, त्याला डिझेल लागतं, आणि ते डिझेल काही उडत वर जात नाही. भाऊजी आपल्या जुन्या चौकोनी गाडीत कॅन भरायचे आणि निघायचे. सगळे त्यांना 'टॉवरवाले' म्हणायचे. माणूस अबोल. देवाने आमच्या घरासाठी जेवढं बोलणं राखून ठेवलं होतं तेवढं सगळं माझ्या वाट्याला आलं आणि जावयाला काही उरलंच नाही, असं आमचे बाबा म्हणायचे.

त्यांचा रोजचा रस्ता मला तोंडपाठ होता. बराचसा भाग डांबरी, आणि शेवटचा चढ तेवढा दगडमातीचा. अशा रस्त्याला कोणते टायर लावायचे, हे मी झोपेतही सांगेन. मधल्या जातीचे, म्हणजे मातीतही धरतील आणि डांबरावरही गप्प चालतील असे. भाऊजींच्या गाडीला मात्र वर्षानुवर्षं तेच मोठ्या बटणांचे, चिखलाचे टायर. डांबरावर ते असे काही घोंघावायचे की खालच्या घरातली शिक्षिका म्हणायची, "आलं बघा तुमचं विमान." मी प्रत्येक वेळी सांगायची, "भाऊजी, अहो, हे ओल्या डांबरावर धरत नाहीत. एक दिवस घसराल." ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "हेच बसव."

त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं, आणि तेही ताईकडून.

साखरेच्या आजाराने ताईचे डोळे नेले, मग पायातली ताकदही नेली. त्यांचं घर चढावर, रस्त्याच्या वर. तिचा पलंग खिडकीला लावलेला. बाहेरचं काही दिसायचं नाही, पण कान असे तयार झाले होते की मी पायऱ्या चढत असले की ती आतूनच म्हणायची, "आज नवीन चपला घेतल्यास वाटतं." संध्याकाळ व्हायला लागली की तिचा जीव टांगणीला लागायचा. तो घाटाचा रस्ता, ती जुनी गाडी, मागे डिझेल. कुणाशी धड बोलायची नाही. मग लांबून, ओढ्याच्या पलीकडून घूंऽऽ असा आवाज यायचा. तिचा चेहरा खुलायचा. आवाज पुलावर एकदम हलका व्हायचा, वळणावर जड व्हायचा, आणि ताईचा हात आपोआप केसांकडे जायचा. केस सारखे करून म्हणायची, "आले."

मी एकदा चेष्टा केली, "अगं, एवढं नटून काय उपयोग? त्यांना आधी हात धुवायला पाठवणार आहेस ना?" कारण दारात पाय टाकला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हात धुवा आधी, डिझेलचा वास येतोय."

ती हसली. मग म्हणाली, "ते टायर माझ्यासाठी आहेत गं. मला लांबून कळावं म्हणून. त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे."

त्यानंतर टायरांचा विषय मी बंद केला.

मग एका पावसाळी संध्याकाळी व्हायचं तेच झालं. ताईने लांबून आवाज ऐकला, पुलावर हलका झालेला ऐकला, हात केसांकडे गेला, आणि वळणावर तो आवाज मध्येच तुटला. पुढे काहीच नाही. आंधळं, पांगळं माणूस, घरात एकटं. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. गाडी ओल्या डांबरावर घसरून कठड्यावर आदळली होती. भाऊजींच्या मनगटाचं हाड मोडलं, बाकी निभावलं. पण खालच्या शिक्षिकेने वर येऊन ते सांगेपर्यंत ताईने काय सोसलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला बोलावलं. म्हणाली, "ते टायर काढ."

भाऊजी हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "अगं, मग तुला कळणार कसं?"

"नाही कळलं तर नाही कळलं. मला आवाज नको, माणूस हवा. काल तुम्ही माझ्यापुरते मेला होतात. ते पुन्हा नको."

भाऊजींनी मनधरणी केली, पण ताई ऐकेना. शेवटी मी मधल्या जातीचे नवे टायर घातले, वेगळ्या चाकांवर. जुनी चाकं टायरांसकट भाऊजींनी विकू दिली नाहीत. "राहू दे तुझ्याकडे, चिखलाच्या दिवसांत लागतील," म्हणाले. ती मी दुकानाच्या मागच्या भिंतीला उभी करून ठेवली.

नवे टायर उत्तम होते. गाडी लोण्यासारखी चालायची. पाऊस असो वा नसो, वळणावर जराही घसरायची नाही. आणि घरात मात्र अवघड होऊन बसलं. भाऊजी दारात उभे राहायचे तेव्हा ताई दचकायची. "कोण? कोण आलंय?" त्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला 'कोण' असं कुणी कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते तसेच उंबऱ्यात थांबले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मग हळूच म्हणाले, "मीच गं," आणि तिने सांगायच्या आधीच हात धुवायला गेले.

उपाय करून पाहिले आम्ही. वळणावर हॉर्न वाजवायचा, असं ठरलं. पण त्या वळणावर सगळेच हॉर्न वाजवतात, ट्रकवाले तर उगाचच. ताई केस सारखे करून बसायची आणि कुणीच यायचं नाही. दोनचारदा अशी फसगत झाल्यावर तिने हॉर्नवर विश्वास ठेवणंच सोडलं. मग म्हटलं, वळणावरून फोन करत जा. तर नेमकी त्याच वळणावर रेंज नाही! साऱ्या डोंगराला रेंज पुरवणारा माणूस, आणि त्याच्याच घराखाली फोन लागत नाही. हसावं की रडावं ते कळेना. आम्ही तिघंही हसलो त्या दिवशी. आम्ही तिघं मिळून हसलो, ते तेवढंच शेवटचं.

पुढे ताईची किडनी गेली. दवाखान्याने जे करायचं ते केलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. भाऊजींनी रजा टाकली. ते रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून असायचे. पाणी चमच्याने पाजायचे, कूस बदलायचे. मी दुकान फिटरवर सोडून तिथेच राहिले होते.

पण ताईच्या डोक्यात सगळा गोंधळ झाला होता. तिचा हात त्यांच्या हातात असायचा आणि ती मला विचारायची, "हे अजून आले नाहीत का गं?"

"अगं, हे काय, इथेच आहेत. तुझा हात धरलाय ना."

"ते नव्हेत. हे दवाखान्यातले आहेत, चांगले आहेत बिचारे." मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणायची, "तुम्ही घरी जा आता. आमचे हे येतीलच. उशीर झालाय आज."

भाऊजी म्हणायचे, "मी आलोय गं."

"आवाज कुठे आला?" ती म्हणायची. "आवाज आल्याशिवाय कसे येतील?"

सकाळी तेच, दुपारी तेच. त्यांचा आवाज ऐकूनही तिला पटेना. तिच्या लेखी ते अजून घाटात होते, कुठेतरी वळणाच्या अलीकडे. तिचा श्वास लागायला लागला होता, आणि त्या श्वासातही ती वाटच बघत होती. भाऊजी खिडकीकडे तोंड करून रडायचे. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. देवाचा, साखरेचा, त्या गप्प टायरांचा, सगळ्यांचाच.

मी उठले आणि म्हटलं, "किल्ली द्या."

मग त्यांना समजलं. म्हणाले, "मी जातो."

"तुम्ही गेलात आणि मध्येच काही झालं तर? तुम्ही इथून हलायचं नाही."

त्यांनी किल्ली दिली. मी दारापर्यंत गेले तर मागून दबक्या आवाजात म्हणाले, "ऐक. पुलाच्या आधी अॅक्सिलेटर सोडायचा. पूर्ण सोडायचा. मग वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढायची, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात टाकलीस तर तिला कळेल मी नाही म्हणून."

मी ताईच्या कपाळावर हात ठेवला. "जाऊन येते गं," म्हटलं. ती म्हणाली, "लवकर ये. आणि रस्त्यात हे दिसले तर सांग, सावकाश या म्हणावं."

दुकानात फिटरने आणि मी मिळून भिंतीची जुनी चाकं गाडीला चढवली. त्याला एक शब्दही बोलू दिला नाही मी. घाईत माझ्याकडून एक नट तिरका बसला, तर त्याने गुपचूप पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतः आवळले. परतीला ऊन उतरलं होतं. त्या टायरांचा आवाज मी आयुष्यभर बाहेरून ऐकला होता. आतून तो फार वेगळा येतो, सगळ्या गाडीत भरून राहतो, आपलाच श्वास ऐकू येत नाही. रस्ता कोरडा होता, तरी मी जीव मुठीत धरून चालवत होते. पूल आला तसा अॅक्सिलेटर सोडला. वळणावर तिसऱ्यात ओढली. गाडी कण्हली, पण तिसऱ्यातच ओढली.

घराखाली गाडी लावली आणि पायऱ्या चढत गेले. दारातूनच दिसलं. ताईचा एक हात भाऊजींच्या हातात होता आणि दुसरा केसांवर राहिला होता. ती गेली होती.

भाऊजींनी मान वर केली. म्हणाले, "तिने ऐकलं."

मी तिथेच जमिनीवर बसले. ते सांगत होते, एरवी न बोलणारा माणूस, एकेक शब्द जपून. "पुलाच्या पलीकडूनच ऐकलं. केस सारखे केले. 'आले' म्हणाली. मग मी म्हटलं, आलो गं. तर तिने माझा हात नाकाशी नेला. आणि म्हणाली, 'आज हात धुऊन आलात वाटतं.' मी हो म्हटलं."

तेवढंच. मी नव्हते तिथे. माझ्या ताईचं शेवटचं बोलणं मी ऐकलं नाही, कारण भाऊजी आत असायचे तर बाहेर कुणीतरी भाऊजी होऊन यायला हवं होतं. मला त्याचा पस्तावा नाही. दुःख आहे. ते मी लपवत नाही.

काही दिवसांनी ते दुकानात आले. पाऊस तोंडावर होता, चाकं बदलायलाच हवी होती. मी विचारलं, "कोणते बसवू?"

"कसलेही चालतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कसलेही म्हणजे काय? ज्या टायरांवरून वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंत ते कसलेही? तुम्ही रोज..." आणि सवयीने माझ्या तोंडून तो नेहमीचा प्रश्न बाहेर पडला. "रोज कुठून कुठे जाता?"

त्यांनी खरंच विचार केला. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकासारखे खाली बघत राहिले.

"टॉवरवर जातो," म्हणाले. "मग घरी. पण आता कधी पोचलो तरी चालतं."

मी फिटरला हाक मारली नाही. मधल्या जातीची चाकं स्वतःच ओढत आणली, जॅक घेतला आणि गाडीखाली सरकवला.