जेवत्याला पाटावरून उठवत नाहीत

आमच्या स्टँडवर जमिनीत एक सपाट तबकडी बसवली आहे. तिच्यावर इलेक्ट्रिक रिक्षा नेमकी उभी केली की वायर न जोडता बॅटरी भरते, आणि भराभर भरते. रिक्षावाल्यांनी तिचं नाव पाट ठेवलं. रिक्षा पाटावर बसली, रिक्षा जेवतेय, असं सगळे बोलतात.

स्टँडवर बाई मी एकटीच. माझा नंबर आला की कुणीतरी मध्ये घुसायचा आणि मी मुकाट्याने मागच्या वायरच्या खांबाकडे जायची. तिथे अर्धा दिवस जातो. 

दसऱ्याला सगळ्यांनी रिक्षा धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. स्टँडवरच्या थोरल्या काकांनी पाटाचीही पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. मखमलाबादच्या बायांची फुलं बाजारात न्यायची होती. वेळेत गेले नाही तर त्या दुसरी रिक्षा कायमची धरणार, हे मला माहीत होतं.

रिक्षा पाटावर घेतली. पाटाशेजारच्या खांबावरचा दिवा लालच राहिला. तोवर काका आणि बाकीचे आले होते.

मागचा रिक्षावाला हसला. "वहिनी, पाट रुसला तुमच्यावर."

काका म्हणाले, "काल पूजा केली आन् आज बाई पहिली बसली. मग काय व्हनार? काढा, वायरला लावा."

मी खाली उतरले, वाकून पाहिलं. झेंडूच्या पाकळ्यांत विड्याचं पान चिकटलं होतं आणि पानाखाली रुपया. पाटावर धातूचं काही ठेवू नका, नाहीतर बॅटरी भरणार नाही, असं बसवणाऱ्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. पण पूजेचा रुपया कुणी धातूत धरतं का?

मी रिक्षा मागे घेतली आणि रुपया उचलला.

"देवाचं हाय ते, हात लावू नका," काका म्हणाले.

मी तो कपाळाला लावला, माझ्या रिक्षातल्या गणपतीपुढे ठेवला आणि परत पाटावर आले. दिवा हिरवा झाला.

"झालं ना सुरू? आता घ्या मागं, मला घाई हाय," मागचा म्हणाला.

 या वेळी मी बोलले, "पाट तुम्हीच म्हणता ना, दादा? जेवत्याला पाटावरून उठवत नाहीत."

चहाच्या गाड्यावर कुणीतरी फिसकन हसलं. "बोलती का रं ही?"

त्याने हॉर्न वाजवला. परत वाजवला. मी हँडल घट्ट धरून ठेवलं, उठले नाही. बॅटरी भरली, तेव्हाच रिक्षा काढली. फुलवाल्या टोपल्या घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. एक म्हणाली, "आज उशीर गं?" मी म्हटलं, "जेवत होते."

अजूनही कुणी मध्ये घुसायला बघतं. माझ्या आधीचा पाटावर बसला की मी रिक्षा पाटाच्या तोंडाशी आडवी लावते आणि पाट मोकळा होईपर्यंत तिथेच बसते.