नरक्याला आवतण

माझी बायको डोंगरातली, अकोले तालुक्यातल्या वरच्या वाडीची. मी कोपरगावचा, साखर कारखान्यात फिटर. आमच्याकडं नजर जाईल तिथवर ऊस, आणि झाड म्हणाल तर बांधावरची बाभळ. लग्न होऊन आली तेव्हा शिवारात उभी राहून म्हणाली, "येवढं हिरवं, आन सावली कुठंच न्हाई." मला राग आला होता. आता त्या बांधावरून जाताना मीही तेच म्हणतो.

तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, वर्षभर बरी होती, मग गाठ परत आली. नगरच्या दवाखान्यात नवं औषध सुरू केलं, सलाईनमधून जाणारं. डॉक्टर बोलके होते. म्हणाले, "मावशी, हे औषध ज्या झाडात सापडतं ते तुमच्याच डोंगरात आहे. नरक्या म्हणतात. बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या जंगलातलं झाड. आता फार कमी उरलंय."

आडवी पडलेली ती उठूनच बसली. "नरक्या? त्यो घानेरडा?" आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो, कशाला ते कळलं नव्हतं तरी.

एसटीत कोपरगाव येईस्तोवर ती नरक्याबद्दलच बोलत होती. पान चुरगाळलं की घाण येते, फुलालाही तोच वास. लाकूड चुलीत घातलं तर घरात बसवत नाही, म्हणून त्याला कुणी कुऱ्हाड लावायचं नाही. गुरं तोंड लावत नाहीत. जांभळी फळं तेवढी पाखरं खातात. माहेरच्या घरामागं राईत एक होता आणि लपंडावात ती नेमकी त्याच्या आड बसायची, कारण वासापायी शोधायला कुणी यायचं नाही. एरवी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असतो, इथं सगळं उलटंच. नाव नरक्या, आणि माणसं वाचवतोय.

घर जवळ आलं. मग म्हणाली, "आवं, पर त्याला आवतण कुठं दिलंय आपण?"

तिचे वडील वाडीत झाडपाल्याचं औषध द्यायचे. ज्या झाडाचं औषध घ्यायचं, त्याच्या बुंध्याशी आदल्या संध्याकाळी तांदूळ-सुपारी ठेवायची आणि सांगायचं, उद्या न्यायला येतो, राग मानू नको. न सांगता ओरबाडलेलं औषध लागू पडत नाही, अशी तिकडची पक्की समजूत. मी चिडलो. "अगं, ही बाटली कारखान्यातून येते. तिला कसलं आवतण?"

"कारखान्यात ऊस बी रानातनंच येतो ना? उसाची पयली मोळी टाकायच्या आधी तुमी पूजा करताच की."

दर हंगामाला त्या पूजेत मीच नारळ फोडत आलोय.

पुढच्या सलाईनच्या आधी जीप करून तिला वाडीवर नेलं. रस्ता संपला तिथून तिच्या भावानं तिला पाठीवर घेतलं. इतकी हलकी झाली होती. राईत पोचलो तर नरक्याच्या जागी खड्डा, पाचोळ्यानं अर्धा भरलेला.

भाऊ खाली बघत म्हणाला, "मागं खाली टेम्पो आला हुता. राईतले सगळे नरके मुळासकट उपटून न्हेले. आमाला वाटलं, घान लाकूड, न्हेत्यात तर न्हेऊ द्या."

मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. हातावर सुया टोचून काळा पडलेला भाग होता, त्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्यो आधीच आलाय माझ्याकडं. कुनी न सांगता आनला बिचाऱ्याला." आणि तेव्हा रडली, घरचं माणूस गेल्यासारखी. "त्याला सांगाया तरी पायजे हुतं वो."

तांदूळ-सुपारी तिनं खड्ड्यातच ठेवली. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण हात जोडले. मनात म्हणालो, बाबा, राग आमच्यावर काढ, मला काहीही कर, पण हिला लागू पड.

नाही पडलं. डॉक्टर म्हणतात, काहींना पडतं, काहींना नाही, आणि त्या झाडावर कितीतरी माणसं जगली आहेत. खरं असेल. माझं माणूस जगलं नाही, आणि मला दुसऱ्या कुणाचं ऐकवत नाही.

सकाळची वेळ होती. मी दवाखान्याच्या खाली चहा आणायला गेलो होतो, तेवढ्यात ती गेली. आदल्या संध्याकाळी चांगली बोलली होती. घरी गेल्यावर मेथीची भाजी खायची म्हणाली, आणि लसूण जास्त घाला म्हणून मला बजावलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं तिथंच बसून होतो, कुठं गेलो नव्हतो. उद्या न्यायला येतो, राग मानू नका, एवढं सांगायला कुणी आलं नाही.