ताटातले तांदूळ आणि नटीचे नवरे

जुन्या हॉलिवूडमधल्या नटनट्यांची लग्नं मला तोंडपाठ आहेत. कोणी कितीदा केली, कोणाशी मोडली, घटस्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी नटूनथटून शूटिंगला कोण हजर झालं, सगळं. नवरा मरीन इंजिनिअर. तो महिनोन्‌महिने बोटीवर असायचा, तेव्हा इथे परदेशात, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये मला याच मंडळींची सोबत होती.

त्यामुळे मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे यायचे होते, त्या सकाळी तिने मला इथल्या इंग्रजीच्या धाटणीत बजावलं, "आई, नो हॉलिवूड, लाह. निदान लग्नं तरी नकोत."

"आणि करिअर?"

"करिअर चालेल."

तिला खरी चिंता होती दुसरीच. मुलगा इथेच, यिशुन भागात राहणारा, आईवडील पुण्याहून आलेले. त्याच्या आईला लग्नात सुनेचं नाव बदलायचं होतं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, ही आपली जुनी रीत. आमची मुलगी संशोधक. जे काही छापून आलंय, ते तिच्या नावाने. "नाव बदलणार असाल तर लग्नच नको," असं तिने मुलाला सांगून टाकलं होतं. त्या शूर मुलाने ते आईच्या कानावर घातलंच नव्हतं.

चहाचा पहिला घोट घेऊन विहीणबाई म्हणाल्या, "नाव आम्ही ठरवून ठेवलंय बरं का. ह्याच्या नावाला अगदी शोभेल असं."

मुलीने कप खाली ठेवला. मुलगा बिस्किटाचं निरीक्षण करू लागला.

"नावावरून आठवलं," मी म्हणाले.

"आई!"

"अगं, नोकरीचं सांगतेय."

आणि सांगितलं. एका खेड्यातल्या मुलीला स्टुडिओने करारावर घेतलं आणि सगळ्यात आधी तिचं नाव काढून घेतलं. मग केसांचा रंग बदलला, मग दात, मग भुवया. जेवायला कोणाबरोबर जायचं ते स्टुडिओ ठरवणार. लग्न करायचं तेही साहेबांना विचारून.

"म्हणजे सासरच की हो!" व्याही म्हणाले.

"सासरच. पहिला नवरा नव्या नावाने हाक मारायचा, दुसराही तसाच. तिसरा तर पोस्टरवरच्या नावाशीच लग्न करून बसला होता. ती घरात तोंड धुऊन आली, की हा..."

टेबलाखाली नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला.

विहीणबाई हसल्या नाहीत. चमचा बशीत ठेवून म्हणाल्या, "मला नव्या नावाने हाक मारली की मी वळायचेच नाही. सासूबाईंना वाटलं, सून बहिरी निघाली. डॉक्टरकडे घेऊन गेल्या."

"मग?" मुलीने विचारलं.

"कान उत्तम, म्हणाले डॉक्टर."

"मला हे ठाऊकच नाही," व्याही म्हणाले.

"विचारलंत कधी?"

तेवढ्यात मुलाने एका दमात बोलून टाकलं, "आई, हिचं नाव हिचंच राहू दे."

"इतके दिवस काय तोंडात बिस्किट होतं?" त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "राहू दे. पण तांदूळ हवेत हं. ताट, अंगठी, सगळं. नाहीतर नणंदांना फोटो कसले दाखवू?"

लग्नात ताट आलं. जावयाने मुलीचंच नाव लिहिलं, फोटो निघाले. मग विहीणबाईंनी तांदूळ सारखे केले, इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने भराभर एक नाव लिहिलं. मी शेजारीच होते, वाचलं. त्यांच्या सासरी त्या माहेरच्या नावाने त्यांना कोणीच हाक मारत नाही.

त्यांनी ताट हलवून नाव पुसून टाकलं.

"त्या नटीला चौथा होता ना हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलगी फोटोग्राफरच्या तावडीत होती. मी खुर्ची जवळ ओढली.